शंभर कौरव, पाच पांडव आणि एक परदेशी वेल

कृष्णकमळाचं फूल हाती आलं की आपल्याकडे कुणीतरी मोजायला बसतंच. भोवतीचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, त्यांच्या वरचे पाच पुंकेसर म्हणजे पांडव, शेंड्याची तीन टोकं ब्रह्मा-विष्णू-महेश आणि मधला हिरवा गोळा साक्षात श्रीकृष्ण. महाभारतकारांना मात्र हे फूल ठाऊक असणं शक्य नव्हतं. या वेलीचं गणगोत बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं.

तिथले लोक तिची फळं आधीपासून खात होते. मग स्पॅनिश पाद्री आले आणि त्यांना फुलात येशूच्या अखेरच्या यातना दिसल्या. मेक्सिकोहून आलेल्या एका पाद्र्याकडची चित्रं पाहून जाकोमो बोसिओनं 1610 च्या सुमारास रोममध्ये तिच्याबद्दल लिहिलं. तंतूंचा झाला काटेरी मुकुट, पाच पुंकेसरांच्या पाच जखमा, तीन टोकांचे तीन खिळे. पाकळ्या आणि त्यांच्यासारखीच दिसणारी निदलं मिळून भरली दहा. शिष्य तर बारा! मग यहूदा आणि पेत्र यांना वगळून हिशोब जुळवला गेला. आपण तरी कुठे वेगळे? त्या दहा पाकळ्या आपल्या कथेत येतच नाहीत, आणि कौरवांची शिरगणती नेमकी शंभर भरेलच असं नाही. 1753 साली लिनिअसनं पॅसिफ्लोरा हे नाव कायम केलं, त्यातही त्या यातना आल्याच.

फुलाचा स्वतःचा मतलब भुंग्याशी. मोठा काळा भुंगा तंतूंच्या चकतीवर उतरतो आणि तळाचा मध ओढत गोल फिरतो. पांडव खाली तोंड करून असतात ते त्याच्या पाठीला पराग फासण्यासाठी. बारीकसारीक माशी खालून मध पिऊन निसटते. फूल जेमतेम दिवसभर टिकतं.

पावसाळ्यात तीन-चार डोळ्यांची फांदी खोचली की वेल धरते. ऊन आणि जाळी मिळाली की आवरत नाही. एखाद दिवशी मात्र पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या दिसतात. हे काम टॉनी कोस्टर या नारिंगी फुलपाखराच्या काटेरी अळ्यांचं. औषध मारायची घाई करू नये. वेल पुन्हा फुटते. हे फुलपाखरू अस्सल इथलं. अडेनियासारख्या इथल्याच रानवेलींवर त्याच्या अळ्या पोसल्या जायच्या, अजूनही जातात. अडेनिया कृष्णकमळाच्याच कुळातली, त्यामुळे ही परदेशी भाऊबंद अंगणात आल्यावर तिची पानंही त्यांना चालली.