भुंग्यांचा गंध आणि नॉर्वेंतील अरण्यें

स्प्रूस वृक्षाच्या वाळलेल्या खोडाची साल उचकटली असतां आंतल्या बाजूस एक विलक्षण नक्षी दिसते. मधोमध एक सरळ उभी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांस बारीक आडव्या ओळी. अपरिचित लिपींतलें एखादें पानच कोणी छापून ठेवलें आहे असें वाटावें. लिनियस या स्वीडिश पंडितानें इ. स. १७५८ मध्यें या नक्षीच्या कर्त्यास ‘टायपोग्राफस’, म्हणजे मुद्रक, असें नांव दिलें. हा मुद्रक म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक काळपट भुंगा. त्याचा छापखाना ज्या झाडांत सुरू झाला तें झाड बहुधा वांचत नाहीं.

युरोपांत या भुंग्याची दहशत जुनी आहे. जर्मनींतील हार्झ पर्वतांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यानें अफाट अरण्यें वाळवून टाकलीं. ग्मेलिन नांवाच्या विद्वानानें १७८७ सालीं त्या अनर्थावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढें वनरक्षकांनीं एक तोडगा काढला. कांहीं झाडें मुद्दाम पाडून ठेवावयाचीं, भुंगे त्यांत शिरले म्हणजे नवी पिढी बाहेर पडण्यापूर्वींच साल सोलून तिचा नाश करावयाचा. उपाय खरा, पण भारी कष्टाचा. शिवाय एका झाडांत थोडे भुंगे शिरले कीं पाठोपाठ हजारों तेथेंच कां येतात, या प्रश्नाचें नेमकें उत्तर कोणापाशींच नव्हतें.

उत्तर मिळण्यास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें सुमारें ५ लक्ष रेशमी पतंगांच्या माद्यांपासून त्यांचा गंध वेगळा केला व तो १९५९ सालीं जाहीर केला. त्याच वर्षीं कार्लसन व ल्यूशर यांनीं अशा द्रव्यांकरितां ‘फेरोमोन’ हा शब्द योजिला. नंतर १९६६ मध्यें अमेरिकेंतील सिल्व्हरस्टीन, रॉडिन व वुड यांनीं पाइन वृक्ष पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या भुशांतून त्याचा गंध शोधून काढला. भुंगा साल पोखरतांना बाहेर टाकतो तो हा विष्ठामिश्रित भुसा. वनरक्षक पिढ्यान्‌पिढ्या तो पायाखालीं तुडवीत आले होते!

मुद्रक भुंग्याची रीतहि अशीच आहे. नर प्रथम सालींत शिरून एक लहानशी कोठडी कोरतो आणि तेथून गंध सोडतो. त्या गंधानें माद्या येतात, तसे दुसरे नरहि येतात. आपल्याकडे शेतकरी अशा साधनास ‘कामगंध सापळा’ म्हणतात. येथें मात्र तें नांव अपुरें पडतें, कारण हें निमंत्रण केवळ मीलनाचें नसून स्वारीचें आहे. निरोगी स्प्रूस आपल्या अंगचा राळेसारखा चीक सोडून दहापांच भुंग्यांस सहज गुदमरवूं शकतो. हजारों भुंगे एकदम तुटून पडले म्हणजे तो चीक पुरत नाहीं, आणि भुंग्यांबरोबर आलेली बुरशी उरलेलें काम करिते. झाड पुरतें भरलें कीं गंधाचें स्वरूप पालटतें व मागून येणारे शेजारच्या झाडाकडे वळतात.

नॉर्वेंत १९६९ च्या वादळांनीं पुष्कळ स्प्रूस उन्मळून पडले. पडलेल्या झाडांना चीक सोडण्याचें बळ नसतें. भुंग्यांना तें आयतेंच अन्नछत्र झालें. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या मध्यास कोरडे उन्हाळे आले आणि उभीं झाडेंहि दुबळीं झालीं. १९८१ पर्यंतच्या सुमारें दहा वर्षांत जवळजवळ ५० लक्ष घनमीटर लांकडाचीं झाडें मेलीं. ज्या कुटुंबांनीं आजोबांनीं राखलेलें रान नातवांच्या भरंवशावर वाढविलें होतें, त्यांच्या पुंजीलाच ही वाळवी लागली.

या सुमारास आल्फ बाके या नॉर्वेच्या कीटकशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह मुद्रकाच्या गंधाचे मुख्य घटक ओळखले. तो गंध कारखान्यांत तयार करून लहान पिशव्यांत भरण्यांत आला. सापळा अगदीं साधा होता : भोंकें पाडलेली काळी प्लास्टिकची नळी, आंत गंधाची पिशवी, खालीं भुंगे पडण्यास भांडें. १९७९ च्या वसंतांत देशभर सुमारें ६ लक्ष नळ्या उभ्या राहिल्या आणि त्या एका हंगामांत जवळजवळ २९० कोटि भुंगे सांपडले. पुढल्या वर्षीं सुमारें ४५० कोटि. एका किड्याविरुद्ध साऱ्या राष्ट्रानें अशी आघाडी उघडल्याचीं उदाहरणें इतिहासांत थोडींच असतील.

परंतु सांपडलेल्यांची गणती म्हणजे विजय नव्हे. किती भुंगे सुटले हें भांडें सांगत नाहीं. सापळा निरोगी झाडाच्या फार जवळ लावला तर बोलावलेले पाहुणे त्या झाडावरच उतरतात. भुंग्यांस खाणारे शिकारी कीटकहि त्याच गंधाच्या मागानें येतात. १९८० नंतर सांथ ओसरली हें खरें. तथापि लागलेलीं झाडें त्वरेनें तोडून हलविलीं गेलीं होतीं व हवामानहि निवळलें होतें, तेव्हां यशाचा किती वांटा नळ्यांचा, यावर शास्त्रज्ञांत एकमत झालें नाहीं. सगळें श्रेय नळ्यांना देणें उतावीळपणाचें होईल.

कोंकण-गोव्याच्या नारळबागांतहि आज हीच विद्या पोहोंचली आहे. सोंड्या भुंग्याच्या नराचा गंध १९९३ मध्यें व गेंड्या भुंग्याचा १९९५ मध्यें ओळखला गेला. बागाईतदार आतां त्यांची पुडी बादलींत टांगतात. तेथें एकेका माडाची किंमत मोठी व बाग आटोपशीर, म्हणून पकडलेल्या प्रत्येक मादीला अर्थ आहे. अफाट अरण्यांत हिशेब निराळा पडतो. २०१८ च्या अवर्षणानंतर चेकिया व जर्मनींत मुद्रकानें पुन्हां थैमान घातलें, तें सापळ्यांनीं आवरलें नाहीं.

नॉर्वेनें तर आपल्या नळ्यांना दुसरेंच काम दिलें. १९७९ पासून तेथें ठराविक ठिकाणीं दरसाल सापळे लावून भुंगे मोजण्यांत येतात. आंकडा चढूं लागला कीं वनाधिकारी सावध होतात आणि वादळानें पाडलेलीं झाडें उन्हाळ्यापूर्वींच उचलण्याची घाई सुरू होते.