हिरवी टिक आणि बोरघाट

कर्जतहून लोकलनं खाली येताना मी अनेकदा मागे वळून घाटाकडे बघतो. माझं काम आहे एका पेटी कंत्राटदाराकडे कागद सांभाळायचं. लेबर लायसन्स, मस्टर, वेतन नोंदवही, पीएफचं चलन, ईएसआयचं चलन, विमा, उपकराची पावती. पूर्वी हे सगळं बॉक्स फाइलमध्ये असायचं. आता मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर स्कॅन करून चढवायचं. सगळ्या चौकोनांत हिरवी टिक आली तरच बिल पुढे सरकतं. एक जरी लाल राहिला तरी बिल अडकलं.

लोक म्हणतात, ही नुसती कागदांची कटकट. मलाही तसंच वाटायचं. पण यातला एकेक कागद कुणाच्या तरी बुडालेल्या मजुरीतून आलाय.

सुरुवात आमच्याच घाटात बघा. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी 1856 मध्ये बोरघाटाचं काम सुरू झालं. पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवर पूल, आणि ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं. कंत्राट फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाकडे. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, त्यांच्या खाली टोळ्या. पैसा वरून खाली येता येता कुठेतरी अडायचा. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून भडका उडाला आणि मजूर गोऱ्या कर्मचाऱ्यांवर चालून गेले. दोनच महिन्यांत फॅव्हिएलनं काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला. पुढचं काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं चालवलं. 1863 मध्ये घाटातून गाडी सुरू झाली.

1860 मध्ये सरकारनं कायदा केला. रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट निकाली काढायचे. त्याच कायद्यात मजुरानं काम अर्धवट सोडलं तर त्याला कैदही होती! म्हणजे दाद आणि दांडका एकाच कागदावर.

पुढे 1936 मध्ये वेतन प्रदान कायदा आला. हजारापेक्षा कमी माणसं असतील तर महिना संपल्यावर सात तारखेच्या आत पगार. 1946 मध्ये केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांत वाजवी मजुरीचं कलम आलं. 1942 पासून मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, हे इथे विसरू नका. सरकारी पैशातून काम होतंय, तर मजुराला काय मिळतं हे बघणं सरकारचंही काम, असा त्या कलमाचा अर्थ.

मग 1970 चा कंत्राटी कामगार कायदा. त्यातली एक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. कंत्राटदार पगार वाटेल तेव्हा मुख्य मालकाचा माणूस तिथे हजर पाहिजे, आणि 'माझ्यासमोर पैसे दिले' असं नोंदवहीवर लिहून त्यानं सही करायची. कंत्राटदारानं पैसे बुडवले तर मुख्य मालकानं भरायचे. कायद्याला नुसती नोंदवही नको होती. पैसे हातात पडताना बघणारा माणूस हवा होता.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमचं आधीचं बिल वर अडकलं होतं. शेठकडे रोकड नव्हती, त्यामुळे पगार झाला नव्हता. पण सह्या केलेली वेतन नोंदवही पोर्टलवर चढल्याशिवाय पुढचं बिल घेत नव्हते. म्हणजे पगार नाही तर बिल नाही, आणि बिल नाही तर पगार नाही. मी साइटवर गेलो, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, स्कॅन केलं, चढवलं. संध्याकाळी हिरवी टिक! एका गवंड्यानं बोटाची शाई पुसत विचारलं, "साहेब, अंगठा झाला. पैसे?" मी म्हटलं, होतील दोन दिवसांत. झाले दिवाळीनंतर. तो गावी गेलाच नाही.

पोर्टलचं काही चुकलं नव्हतं. त्याला फाइल हवी होती, ती मिळाली. 'माझ्यासमोर' म्हणणारा माणूस मात्र त्या साखळीतून केव्हाच गळाला होता. आणि खोटं सॉफ्टवेअरनं केलं नाही, मी केलं.

आता नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात. कंत्राटी कामगाराचा पगार बँकेतून द्यायचा आणि तसं मुख्य मालकाला ऑनलाइन कळवायचं. हे चांगलंच आहे, बँकेची नोंद अंगठ्यापेक्षा खरी. पण पासबुक नि एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असेल तर ती नोंद तरी काय सांगणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पोर्टलवर कंत्राटदार दिसतो, कंपनी दिसते; ज्याच्या नावानं नोंद होते तो मजूरही दिसू द्या. 'तुमचा अमुक रुपये पगार दिला असं कळवलंय, मिळाला का?' एवढा एक मेसेज त्याच्या मोबाइलवर, त्याच्या भाषेत जाऊ दे. त्याचं उत्तर आल्यावरच टिक हिरवी होऊ दे. पगाराची तारीख नि दर साइटवर मजुरांना कळेल अशा भाषेत लावायचे, हा नियम तर जुनाच आहे.

तुमच्या गल्लीत, सोसायटीत बांधकाम सुरू असेल तर एकदा सहज विचारून बघा, मागच्या महिन्याचा पगार कधी झाला म्हणून. कुणीतरी समोर उभं राहून विचारावं, एवढीच तर त्या कायद्याची अपेक्षा होती.