विद्युन्मंडलांची पाठशाळा

कोनिग्सबर्ग विद्यापीठात फ्रान्झ नॉयमान यांचे भौतिकशास्त्राचे एक अभ्यासमंडळ भरत असे. तेथे नुसती व्याख्याने ऐकून भागत नसे. घातलेला प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः सोडवून आणावा आणि गुरूने तो तपासावा, अशी रीत होती. १८४५ साली या मंडळातील गुस्टाव्ह किरखोफ या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने धातूच्या चकतीतून वीज कशी वाहते यावर निबंध लिहिला आणि त्याला जोडून दोन नियम नोंदविले. तारांच्या सांध्यात जितका प्रवाह शिरतो तितकाच बाहेर पडतो. आणि मंडलाची पूर्ण फेरी केली असता विद्युद्दाबातील चढ व उतार सारखे भरतात. मंडलांच्या विश्लेषणाचा सारा डोलारा या दोन नियमांवर उभा आहे. तो एका विद्यार्थ्याच्या गृहपाठातून उभा राहिला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नियम निर्दोष खरे, पण वापरावयास जड. तारांचे जाळे वाढले की समीकरणेही वाढतात. ही अडचण पॅरिसच्या तारायंत्र विद्यालयात लेआँ तेव्हनँ यांना पदोपदी जाणवत असली पाहिजे. हे गृहस्थ तारखात्यातील सरकारी अभियंते. १८८२ पासून खात्यातील निरीक्षकांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. जर्मनीतील हेल्महोल्ट्स यांनी तो १८५३ मध्येच मांडला होता. पण नाव राहिले ते शिकविणाऱ्याचे!

त्याचे मर्म एका उदाहरणाने ध्यानी येईल. १२ व्होल्टच्या बॅटरीला ६ आणि ३ ओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडले आहेत. ३ ओहमच्या रोधाच्या दोन टोकांना एखादे उपकरण जोडावयाचे आहे. उपकरण जोडण्यापूर्वी त्या टोकांवर ४ व्होल्ट दाब मिळतो. बॅटरीच्या जागी साधी तार कल्पिली, तर तेथून दिसणारा रोध २ ओहम भरतो. तेव्हा ते सारे मंडल विसरून ४ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचा रोध एवढेच ध्यानात ठेवावे. उपकरण २ ओहमचे असेल तर प्रवाह १ ॲम्पिअर, ६ ओहमचे असेल तर अर्धा. उपकरण बदलले तरी पहिल्यापासून मांडणी करण्याचे कारण उरत नाही.

पुढे बर्कले येथील विद्यापीठात १९७० च्या सुमारास रोनाल्ड रोरर यांनी आपल्या वर्गालाच मंडले सोडविणारा संगणक-कार्यक्रम रचावयास लावले. प्राध्यापक डोनाल्ड पीडरसन यांनी तो पसंत केला तरच वर्ग उत्तीर्ण व्हावयाचा. त्यातूनच लॉरेन्स नेगल यांनी १९७३ मध्ये पुढे आणलेला ‘स्पाइस’ हा कार्यक्रम जन्मला. आता आकडेमोड यंत्राकडे गेली. पण यंत्राने दिलेले उत्तर पटावयास हवे, तर ते कसे आले हे विद्यार्थ्याला आधी ठाऊक असावे लागते. १९८५ मध्ये स्वेलर व कूपर यांनी बीजगणितावर प्रयोग केले. सोडविलेली उदाहरणे अभ्यासणारी मुले तशीच उदाहरणे अधिक लवकर व कमी चुकांनी सोडवीत, असे त्यांना आढळले. मात्र निराळ्या धाटणीचे उदाहरण पुढे आले की हा लाभ दिसेनासा होई.

२०१२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील एम्.आय्.टी.ने मंडलांचा पाठ्यक्रम संगणकाच्या जाळ्यावरून साऱ्या जगाला विनामूल्य खुला केला. त्याचे प्रमुख अध्यापक अनंत अगरवाल हे मद्रासच्या आय्.आय्.टी.चे माजी विद्यार्थी. शिकणाऱ्याने पडद्यावर मंडल जोडावे, उत्तर लिहावे आणि चूक की बरोबर ते तत्क्षणी कळावे, अशी त्यात योजना होती. नावे नोंदविली १,५४,७६३ जणांनी. प्रमाणपत्रापर्यंत पोचले ७,१५७. पूर्ण गुण मिळविणाऱ्यांत मंगोलियाचा १५ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम्.आय्.टी.चे पदवीधर, मुलांना प्रत्यक्ष जोडणी शिकविण्यासाठी त्यांनी अमेरिकेहून एका तरुण संशोधकाला प्रयोगसाहित्यासह बोलावून घेतले होते.