मुंबईचे भांडवल आणि भीमथडीचे रोखे

मुंबई देशाची आर्थिक राजधानी का झाली, याचे आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे: खोल नैसर्गिक बंदर, इंग्रजांचा अंमल आणि पारशी-गुजराती शेठियांची धडाडी. यातले एकही कारण खोटे नाही. पण तिन्ही एकत्र केली तरी हिशेब जुळत नाही, कारण त्यात घाटावरचा मुलूखच धरलेला नाही.

आधी बंदराचे पाहू. कंपनीला १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडाने मुंबई मिळाली, तेव्हाही बंदर तितकेच खोल होते. तरी पैशाची पेठ होती सुरत, जिथे मोठी जहाजे शहरापासून दूर सुवाळीला नांगर टाकत. तिथला विरजी व्होरा खुद्द कंपनीला कर्ज देई. उलट जयगड आणि विजयदुर्ग या खाड्या गलबतांना उत्तम आसरा देत. तिथे शेअर बाजार उभा राहिला नाही. सुरतेमागे गुजरात आणि उत्तर हिंदुस्थानचा व्यापार होता. मुंबईमागे सह्याद्री आडवा होता.

तो लोहमार्गाने ओलांडला. १८५८ मध्ये पुण्याहून दौंडच्या दिशेने रूळ पडले, पण मधला घाट बाकी होता. खंडाळ्याला गाडी सोडायची, पालखीने किंवा तट्टावर खोपोलीला उतरायचे आणि पुन्हा गाडी धरायची, असा प्रवास पाच वर्षे चालला. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. अमेरिकेत तेव्हा यादवी भरात होती, लँकशायरला कापूस हवा होता. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबेच्या शेअरांवर सट्टा रंगला आणि १८६५ मध्ये सारे कोसळले.

यावर कोणी म्हणेल, कापूस खानदेश-वऱ्हाडचा. शिरूर-दौंडच्या बाजरी-ज्वारीच्या जिराइतीचा यात संबंध काय? संबंध पिकाचा नाही, पतीचा आहे. गावचा वाणी बहुधा स्वतःच्याच पैशावर सावकारी करत नसे. त्याच्यामागे घोडनदीची किंवा पुण्याची पेढी असे आणि त्या पेढ्यांची पत मुंबईच्या बाजाराशी बांधलेली. तेजीत कुणब्याला हात सैल सोडून कर्ज मिळाले. मंदी येताच वरून हात आखडला, त्यात फेरपाहणीने शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षे चाले. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. सावकाराने मात्र दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावी हे टोकाला गेले. दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर सावकाराने बाबासाहेब देशमुखांचे घर विकत घेतले आणि पाडायला काढले. डिसेंबर १८७४ मध्ये गावाने सावकारांवर बहिष्कार घातला: त्यांची हजामत नाही, पाणी नाही, शेतावर मजूर नाही. पुढे १२ मे १८७५ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, सुपे येथे लोकांनी सावकारांकडून वह्या आणि रोखे मागून घेतले व जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे; तेव्हा दौंडप्रमाणे तेही भीमथडीत होते. लोण शिरूरपर्यंत आणि नगर जिल्ह्यातही गेले. माणसांच्या जिवावर फारसे कोणी उठले नाही. राग कागदावर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकरी संरक्षणाचा कायदा केला.

सुप्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ जुलै १८७५ रोजी, मुंबईच्या दलालांनी नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. एकामुळे दुसरे झाले असे मी म्हणत नाही. पण १८६५ च्या पडझडीतून दोघेही निघाले, असे माझे मत आहे. मुंबईने त्यातून आपला व्यवहार सावरायला संस्था उभी केली. भीमथडीच्या कुणब्याकडे तसे काहीच नव्हते, म्हणून त्याने रोखे जाळले.

शेठियांचे कर्तृत्व नाकारायचे कारण नाही. मात्र मुंबईचा आर्थिक इतिहास लिहिणाऱ्यांनी दक्खनचे दंगे ‘शेतकऱ्यांचे उठाव’ या वेगळ्या प्रकरणात टाकणे थांबवावे. ९ जुलै १८७५ ज्या पानावर येते, त्याच पानावर १२ मे यायला हवा.