टाकलेल्याचा धनी कोण?



शहराचा इतिहास वाड्यांवरून आणि पेठांवरून सांगण्याची आपली रीत आहे. तो कचराकुंडीवरूनही सांगता येतो. तसा सांगू लागलो म्हणजे एक जुना प्रश्न पुढे येतो : टाकलेल्या वस्तूचा धनी कोण?

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण घराघरांत टाकणेच थोडे होते. जुन्या लुगड्याची गोधडी होई, शिळी भाकरी शेळीपुढे जाई, उरलेले कपडे बोहारणीच्या पाटीत पडून घरात भांडे येई. अंगावर चिंध्या आणि हाती खापर घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांना महाराष्ट्राने संत मानले. पण चिंध्या वेचून पोट भरणाऱ्या बाईकडे त्याच महाराष्ट्राने संशयाने पाहिले.

१९७२ च्या दुष्काळाने खेड्यांतील भूमिहीन कुटुंबे शहरांकडे लोटली. पुण्यात आलेल्या कित्येक बायकांना कचराकुंडीने कामाला लावले. त्यांत बहुसंख्य दलित. या धंद्याला भांडवल लागत नव्हते. एक पोते पुरे होते. परंतु यात कसब नाही असे मात्र कोणी समजू नये. मिसळलेल्या कचऱ्याला किंमत नसते. पुठ्ठा, पांढरा कागद, काच, पत्रा, प्लास्टिक असे निवडून वेगळे केले म्हणजेच भंगारच्या दुकानात वजनाला भाव मिळतो आणि तेथून माल कारखान्याला जातो. निवडणारा हात हाच कचऱ्याचा माल करतो.

या हातांवर गदा येते ती बहुधा सुधारणेच्या नावाने. १८८३ साली पॅरिसचे प्रशासक पूबेल यांनी प्रत्येक घरमालकाने कचऱ्यासाठी डबा ठेवावा असा हुकूम काढला. शहर स्वच्छ होणार होते. पण चिंध्या वेचणाऱ्यांचा माल परस्पर गाडीत जाणार होता. त्यांनी ओरड केली, तेव्हा गाडी येण्यापूर्वी डबे चाळण्याची मुभा त्यांना द्यावी लागली.

पुण्यात हाच प्रसंग शंभर वर्षांनी आला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी १९९० च्या सुमारास या बायकांत काम आरंभिले. कोरेगाव पार्क भागात निवडलेला कचरा त्यांना थेट घरांतून मिळू लागला. इतक्यात एका उद्योजकाने मोटारगाडी लावून तोच कचरा उचलण्यास प्रारंभ केला. बायका शांतपणे आडव्या आल्या, आणि गाडी थांबली. मग डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने मे १९९३ मध्ये मेळावा भरला. आठशेंहून अधिक कचरावेचक जमले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. मालाचेच नाव युनियनला दिले, यात सारे आले.

१९९५-९६ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांनी पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ज्या बाईला पोलीस पोते उघडावयास लावीत, तिच्या हाती आता महापालिकेने मानलेला कागद आला. २००१ च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला : वेचक रोज १४४ टन माल कचऱ्यातून वाचवितात, आणि दर वेचक दरमहा २४६ रुपयांचे श्रम शहराला फुकट देते. म्हणजे उपकार कोण कोणावर करीत होते, ते उघड झाले. पुढे २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने वैद्यकीय विमा दिला, आणि २००८ मध्ये वेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा पाच वर्षांचा करार केला. २०१६ च्या केंद्रीय नियमांत वेचकाचा उल्लेख झाला.

पण करार मुदतीचा असतो, आणि मुदत संपली की मोठ्या गाड्यांचे ठेकेदार दारात उभे राहतात. त्या वेळी कोणाची गाडी मोठी एवढाच प्रश्न विचारला गेला, तर तीस वर्षांची कमाई एका निविदेत जाईल. म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर आपण पुणेकरांनी मनाशी पक्के केले पाहिजे. आपण टाकले तेव्हाच त्यावरील आपला हक्क सुटला. ज्या हातांनी ते निवडून पुन्हा उपयोगी केले, त्यावर पहिला हक्क त्या हातांचा. हा हक्क आपण रोज आपल्या उंबऱ्यावरच मान्य करू शकतो : ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करून, आणि फुटकी काच कागदात गुंडाळून तिच्या हाती देऊन.