'तो' म्हणजे सगळे? विज्ञानकथेतल्या एका सर्वनामाचा इतिहास

आजचा भाग एका अगदी छोट्या शब्दाबद्दल आहे. इंग्रजीतलं पुरुषवाचक सर्वनाम. गंमत बघा, ते देवनागरीत लिहिलं की होतं 'ही', म्हणजे मराठीत थेट स्त्रीलिंगी! आणि त्यांचं स्त्रीवाचक सर्वनाम लिहायला जावं तर होतं 'शी'. त्यामुळे आज मी सरळ 'तो' आणि 'ती' असंच म्हणणार आहे. गोष्ट इंग्रजीची आहे, एवढं फक्त लक्षात असू द्या.

आधी थोडं कायद्याचं बोलू. १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटनं एक कायदा केला. कायद्यांची भाषा आटोपशीर करायची म्हणून ठरलं, की पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरल्या जातील. दहा वर्षांनी, म्हणजे १८६०च्या भारतीय दंड संहितेत हेच आलं: 'तो' हे सर्वनाम कोणत्याही व्यक्तीसाठी, मग ती पुरुष असो वा स्त्री. म्हणजे चोरी करणारा 'तो', पण तुरुंगात बाईही जाणार! शाळेतल्या व्याकरणातही हेच शिकवलं गेलं, की 'तो' म्हणजे कुणीही.

आता खरंच तसं आहे का, हे तपासायचं कसं? 'तो' वाचल्यावर आपल्या डोळ्यांसमोर नेमकं कोण येतं? या प्रश्नाची मोठी प्रयोगशाळा ठरली विज्ञानकथा. कारण तिथे लेखकाला असं जग उभं करता येतं, जिथे स्त्री-पुरुष हा भेदच नाही. आणि मग पहिल्याच पानावर अडचण उभी राहते: या माणसांना म्हणायचं काय?

सुरुवातीचा एक उपाय म्हणजे नवा शब्दच घडवायचा. डेव्हिड लिंडसे या लेखकानं १९२० साली 'अ व्हॉयेज टू आर्क्ट्युरस'मध्ये एका वेगळ्या लिंगाच्या जिवांसाठी स्वतंत्र सर्वनाम बनवलं. पुस्तक तेव्हा फारसं खपलं नाही, आणि त्या शब्दावरून कुणी भांडल्याचंही प्रसिद्ध नाही. पुढे १९७६ साली मार्ज पिअर्सी यांनी 'वुमन ऑन द एज ऑफ टाइम'मधल्या भविष्यातल्या लोकांच्या तोंडी 'तो' आणि 'ती'ऐवजी 'पर्सन' आणि त्याचंच छोटं रूप 'पर' घातलं. असे शब्द वाचकाला थोडे खटकतात, पण तो त्यांना त्या परक्या जगाच्या सामानातच धरतो. अवकाशयान असतं, लेझर असतं, तसं हे एक सर्वनाम.

खरा पेच झाला तो १९६९ साली. उर्सुला के. ल गिन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी आली. गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. ठरावीक काही दिवसच त्यांचं शरीर एका बाजूला झुकतं, आणि कोणत्या बाजूला झुकेल हे आधी सांगता येत नाही. एकच व्यक्ती कुणाची आई आणि कुणाचा बाप असू शकते. तिथला राजासुद्धा गरोदर राहतो! आणि अशा ग्रहावरच्या प्रत्येकासाठी ल गिन यांनी सर्वनाम वापरलं ते 'तो'.

कादंबरी गाजली. तिला नेब्युला मिळाला, १९७०चा ह्यूगो मिळाला. कादंबरीसाठी ह्यूगो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण टीकाही लगेच सुरू झाली. पोलंडचे लेखक स्तानिस्वाव लेम आणि अमेरिकेतल्या जोआना रस यांचा सूर साधारण एकच होता: ही माणसं उभयलिंगी आहेत असं तुम्ही सांगता, पण वाचताना तर सगळे पुरुषच दिसतात. कादंबरीतला एस्ट्रावेन हा राजकारणी घ्या. तो कटकारस्थानं करतो, बर्फातून स्लेज ओढतो. त्याला मूल झालेलं आहे, हे वाचक पार विसरून जातो. का? दर दोन ओळींनी 'तो' येतो म्हणून.

आणि इथून पुढचा भाग मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ल गिन यांचं उत्तर जवळजवळ पंचवीस वर्षं बदलत राहिलं. कादंबरीच्याच सुमारास छापलेली, त्याच ग्रहावरची त्यांची एक कथा होती, 'विंटर्स किंग'. १९७५ साली ती संग्रहात घेताना त्यांनी सगळ्या 'तो'ची 'ती' केली. 'राजा' हा किताब मात्र तसाच ठेवला. म्हणजे राजा आला नाही, राजा आली! १९७६ साली त्यांनी एक निबंध लिहिला आणि त्यात कादंबरीतल्या 'तो'ची बाजू घेतली: नवं सर्वनाम घडवून मी इंग्रजीची मोडतोड करणार नाही, इंग्रजीत 'तो' सर्वसमावेशकच आहे. हाच निबंध १९८७ साली त्यांनी पुन्हा हातात घेतला, आणि जुना मजकूर न पुसता शेजारी नव्या टिपा जोडल्या. त्यात त्यांनी स्वतःचाच मुद्दा खोडला. 'तो' सर्वांना सामावून घेत नाही, तो स्त्रियांना वगळतो, असं आता त्यांचं म्हणणं होतं. आणि इंग्रजीत एकवचनासाठी 'दे' म्हणायची जुनी रीत होती, बोलण्यात ती अजून आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. १९९४च्या आवृत्तीत तर काही भाग वेगळी सर्वनामं घालून कसे दिसतील, याचे नमुनेच त्यांनी दिले.

एवढा मोठा लेखक आपलं जुनं मत असं लोकांसमोर ठेवून दुरुस्त करतो, हे आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, रोज घडत नाही.

दरम्यान टीव्हीवर काय चाललं होतं? १९६६ साली 'स्टार ट्रेक' सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागाआधी जे निवेदन यायचं, त्याच्या शेवटी 'मॅन' हा शब्द होता. म्हणजे जिथे कुणी 'पुरुष' किंवा 'माणूस' गेला नाही तिथे जायचं. यानावर उहुरासारखी स्त्री अधिकारी असूनही! १९८७ साली नवी मालिका आली तेव्हा 'मॅन'च्या जागी 'वन' आलं. आणि १९९१च्या चित्रपटात जुन्या कॅप्टन कर्कच्या शेवटच्या निवेदनात त्याच्याच तोंडी ही दुरुस्ती घातली: आधी जुना शब्द, मग थांबून नवा. मध्ये १९८२च्या चित्रपटात साविक या तरुण स्त्री अधिकाऱ्याला सगळे 'मिस्टर साविक' म्हणतात. म्हणजे समानता आली, पण ती बाईला 'मिस्टर' करून.

१९९२ साली याच मालिकेच्या 'द आउटकास्ट' या भागात लिंगभेद नसलेली एक जमात दाखवली. तिथे रायकर हा अधिकारी सोरेनला विचारतो, की तुमच्यासाठी सर्वनाम कुठलं वापरू? उत्तर मिळतं, की आमच्यात आहे एक, पण त्याला तुमच्या भाषेत प्रतिशब्द नाही. प्रश्न अचूक मांडला आणि तिथेच सोडून दिला. शिवाय त्या जमातीच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. रायकरचं काम करणारे जोनाथन फ्रेक्स नंतर म्हणाले, की सोरेनच्या भूमिकेत पुरुष हवा होता. तसं धाडस तेव्हा झालं नाही.

आता येऊ २०१३ वर. अ‍ॅन लेकी यांची पहिलीच कादंबरी, 'अ‍ॅन्सिलरी जस्टिस'. निवेदन करणारी ब्रेक ही एकेकाळी एका प्रचंड युद्धनौकेची बुद्धी होती, आता एकाच शरीरात उरली आहे. तिच्या साम्राज्याच्या भाषेत लिंगभेद नाही. लेकींनी नवा शब्द बनवला नाही, 'दे'ही वापरलं नाही. त्यांनी सरसकट प्रत्येकाला 'ती' म्हटलं. सेनापती असो, कैदी असो, सगळ्या 'ती'. सेवार्डन हे पात्र पुरुष आहे, हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. तरी पुस्तकभर तो 'ती'च राहतो. याआधी १९८४ साली सॅम्युएल डिलेनी यांनी 'ती' सर्वांसाठी वापरून पाहिलं होतं, पण लेकींचं पुस्तक फार दूरवर पोचलं. २०१४ साली ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर सी. क्लार्क हे तिन्ही पुरस्कार त्याला मिळाले.

आणि वादही पेटला. जानेवारी २०१४मध्ये अ‍ॅलेक्स डॅली मॅकफार्लेन यांनी एका लेखमालेत मागणी केली, की विज्ञानकथेनं फक्त 'स्त्री किंवा पुरुष' हे गृहीत धरणं सोडावं. त्यावर लेखक लॅरी कोरिया यांनी लांबलचक उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं होतं, की आधी गोष्ट रंगली पाहिजे, संदेश घुसडला की वाचक पळतो. हेच कोरिया 'सॅड पपीज' या मोहिमेचे जनक. पुरस्कार कथेला नाही तर विचारसरणीला मिळतात, ही त्यांची तक्रार. २०१५ साली या आणि अशाच दुसऱ्या एका गटानं ह्यूगोची नामांकनं भरून टाकली, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत 'कुणालाच पुरस्कार नको' असं मत दिलं.

कोरियांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. गोष्ट रंगलीच पाहिजे. पण एक विचारावंसं वाटतं. घडवलेल्या शब्दांना वाचकानं सोसलं, सगळ्यांसाठी 'तो' तर शंभर-दीडशे वर्षं चाललं, त्यात कुणाला 'संदेश' दिसला नाही. मग सगळ्यांसाठी 'ती' आल्यावरच तो का दिसावा? व्याकरणाच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच. 'तो'मध्ये सगळे मावतात असं खरंच असतं, तर 'ती'मध्ये सगळे मावायला काय हरकत होती? मला वाटतं, ल गिन यांच्यावरच्या टीकेनं जे सांगितलं, तेच लेकींवरच्या रागानं सिद्ध केलं. 'तो' कधीच तटस्थ नव्हता, आपल्याला त्याची फक्त सवय होती.

आता हे सगळं मराठीत आणायचं म्हटलं तर? आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगं. 'ते' आहे म्हणून सुटलो म्हणावं, तर त्याचं व्याकरणातलं नावच 'नपुंसकलिंग', आणि वापर लेकरासाठी किंवा वस्तूसाठी. शिवाय आपलं क्रियापदही चुगली करतं: आला, आली, आलं. ब्रेक 'मी' म्हणून बोलते, त्यामुळे इंग्रजीत तिचं लिंग झाकलेलं राहतं. मराठीत पहिल्याच वाक्यात ठरवावं लागेल, 'मी गेलो' की 'मी गेले'?

पण मराठीत पळवाटाही भरपूर आहेत. 'त्यांनी चहा घेतला.' कोण? कळत नाही! क्रियापद चहाशी जुळतं, माणसाशी नाही. 'येईल', 'यावं' यांतही लिंग नाही. आणि कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत 'मी आलो' म्हणतात, त्यानं कुणाचं काही अडत नाही. एखादा कसलेला अनुवादक 'त्यांनी'च्या आधारावर पानंच्या पानं काढू शकेल.

शेवटी, आज परिस्थिती काय? २०२० साली 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी'मध्ये अडिरा हे तरुण पात्र सांगतं, की मला 'दे' म्हणा. समोरचा स्टॅमेट्स ते सहज मान्य करतो आणि काम पुढे चालू. १९९२ साली जिथे भाषांतर अडलं होतं, तिथे ल गिन यांनी सुचवलेला जुनाच शब्द कामी आला. आणि आपला कायदा? १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या इंग्रजी मजकुरात आता 'तो' हे सर्वनाम पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर, सगळ्यांसाठी आहे. यादीत एक शब्द वाढला, तीही मोठीच गोष्ट. पण सर्वनाम तेच राहिलं, १८६०चं.

तर मंडळी, तुम्ही एस्ट्रावेनला मराठीत काय म्हणाल? तो, ती, ते, की 'त्यांनी'? विचार करा आणि नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.