कृतज्ञता व्यक्त करण्याच्या रीती (महाराष्ट्र)

मिळालेली मदत, सेवा वा उपकार यांची जाणीव समोरच्याला कळेल अशी दाखवण्याच्या लोकरूढ पद्धती. मराठी घरांत ही जाणीव देण्याघेण्यातून, जेवणातून आणि मानपानातून व्यक्त होते. आईने वाढलेल्या ताटाबद्दल किंवा भावाने केलेल्या धावपळीबद्दल तोंडाने आभार मानणे अनेकांना आजही अवघड वाटते. कोणी मानलेच, तर ‘आता आम्ही परके झालो का?’ हे ऐकून घ्यावे लागते.

या व्यवहारामागे ऋणाची जुनी कल्पना आहे. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणात मनुष्यऋणाची भर पडते आणि त्याची फेड आलेल्याला आसरा व अन्न देऊन करावी, असे म्हटले आहे. लोकाचारात याच चौथ्या ऋणाचा वावर सर्वांत मोठा दिसतो.

शेजारून आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसले तर निदान चिमूटभर साखर घालतात. पंगतीतून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणण्याची पद्धत आहे. माहेरी आलेल्या लेकीची किंवा घरी आलेल्या सवाष्णीची खणानारळाने ओटी भरतात. लग्नात मांडवाच्या एका कडेला वही घेऊन बसलेला माणूस नाव, गाव आणि आहेर लिहून घेतो: कोणाचे एकशे एक रुपये, कोणाची साडी, कोणाचा स्टीलचा डबा. ही वही वर्षानुवर्षे जपतात. आहेर करणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की ती चाळली जाते आणि निदान तेवढा, जमल्यास थोडा वरचढ आहेर केला जातो. यात हिशेब आहे हे उघड आहे. पण कोण कधी आपल्यासाठी उभे राहिले, याची आठवणही त्याच पानांवर टिकते.

शेतीतील रीती अधिक ठसठशीत आहेत. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले तर गावकरी आपापली औते घेऊन ‘इर्जिक’ घालतात. मजुरीचा प्रश्न नसतो. शेतकरी सर्वांना पोटभर जेवू घालतो आणि पुढच्याच्या इर्जिकीला स्वतः जातो. बैलांचे उतराई होण्यासाठी तर सणच आहे. पोळा बहुतेक ठिकाणी श्रावण अमावास्येला, पुणे जिल्ह्याच्या काही भागांत भाद्रपद अमावास्येला असतो. कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत आषाढात बेंदूर करतात. आदल्या दिवशी जुवाने घट्टे पडलेले खांदे हळद-तुपाने चोळून शेकतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलांनाच सांगतात. सणादिवशी जू ठेवायचे नाही, शिंगे रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी खाऊ घालायची. विदर्भात बैल सांभाळणाऱ्या गड्याला नवे कपडे देतात, आणि तो बैल घेऊन दारोदार जातो तेव्हा घरोघर त्याच्या हातावर ‘बोजारा’ म्हणून पैसे पडतात.

खळ्यावर धान्याच्या रूपाने दिले जाणारे बलुते मात्र या यादीत घालणे चुकीचे ठरेल. ते कामाचे मोल होते, आणि जातीने ठरलेल्या सेवेला बांधलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध, म्हणजे गावच्या सेवेच्या बदल्यात पिढीजात मिळणाऱ्या जमीन-हक्कांच्या पद्धतीविरुद्ध, लढा दिला तो अशाच बांधिलकीमुळे. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा 1958 साली झाला. ज्याचा हक्क आहे त्याला दिलेली वस्तू उपकार म्हणून मिरवली, तर तिथे कृतज्ञतेचा प्रश्नच उरत नाही. दिवाळीला पोस्टमन, सफाई कामगार, पेपर टाकणारा यांना दिली जाणारी ‘पोस्त’ही काही घरांत मनापासून दिली जाते, काही घरांत वर्षभराच्या तुटपुंज्या पैशांवर पांघरूण म्हणून.

घर बांधून झाले की वास्तुशांतीला गवंडी व सुतार यांना टॉवेल-टोपी देऊन त्यांचा मान करतात. खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजतात. आता त्यांच्या ओळीत रिक्षा, लेथ मशीन आणि संगणकही आले आहेत. बाळंतपण सुखरूप पार पडल्यावर दवाखान्यात डॉक्टर-नर्सना मिठाई वाटतात. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा भेद अनेक घरांनी आता सोडला आहे.

बोललेले आभार मुख्यतः सार्वजनिक जागी आढळतात. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन असते. त्यात ध्वनिवर्धकवाल्यापासून सतरंज्या घालणाऱ्यांपर्यंत नावे येतात आणि ‘त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते. तोवर निम्मे श्रोते चपला शोधत असतात. पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते, त्याऐवजी पुस्तक देण्याची प्रथाही रुळली आहे. ग्रंथांच्या आरंभी ऋणनिर्देश असतो. दुःखाच्या प्रसंगी धावून आलेल्यांचे आभार कुटुंबे वर्तमानपत्रातील निवेदनातून मानतात, आणि अलीकडे व्हॉट्सअॅपवरूनही.